राग ओळखून मग मत देणे

आज एका सहकाऱ्याच्या प्रस्तावावर मला मत द्यायचे होते आणि बैठकीपूर्वीच त्याच्या एका बोचऱ्या शेऱ्याने माझे मन तापले होते. मी थोडा वेळ मागून घेतला आणि कागदावर एवढेच लिहिले की, मला राग आला आहे आणि तो शेऱ्याचा आहे, प्रस्तावाचा नव्हे. त्यानंतर प्रस्ताव वाचला तेव्हा त्यातील खर्चाची मांडणी कच्ची आणि मूळ कल्पना उत्तम असल्याचे दिसले, आणि मी दोन्ही गोष्टी तशाच सांगितल्या.

भावनेला शब्दांत नाव दिले की मेंदूतील अमिग्डाला या, भावनांना प्रतिसाद देणाऱ्या भागाची प्रतिक्रिया मंदावते, असे मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००७ मधील अभ्यासात दिसले होते. भावना चेहऱ्यावर येऊ न देता दाबून टाकणे ही मात्र अगदी वेगळी गोष्ट आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत अशा दडपणुकीने आतली अस्वस्थता कमी झाली नाही, उलट त्या वेळी पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टींची आठवणच क्षीण झाली. ज्या बैठकीत प्रत्येक तपशील ऐकायचा असतो, तिथे हे फार महाग पडते.

भावनांशिवाय निर्णय अधिक शुद्ध होतील, हेही मला मान्य नाही. मेंदूतज्ज्ञ अँटोनियो दमासिओ यांनी अभ्यासलेल्या, मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांची बुद्धी शाबूत होती, पण भावनिक संकेत बोथट झाल्यामुळे रोजच्या आयुष्यातले साधे निर्णयही त्यांना नीट घेता येत नव्हते.