आमची वाटचाल : खोल्यांची वही

आमच्या सहलींच्या माहितीपत्रकात ‘लेक व्ह्यू’ हा शब्द तुम्हाला सापडणार नाही. 1996 साली एकदाच छापला होता, त्याची शिक्षा त्याच वर्षी भोगली. नंतर छापखान्यातल्या पोराने दोन वेळा स्वतःच्या हुशारीने घातला, दोन्ही वेळा मी गठ्ठे परत पाठवले. समोरच्या फुटपाथवर आता ज्यांचं चकचकीत ऑफिस आहे, त्यांच्या पाटीवर तो चार वेळा आहे. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

मी मशीद बंदरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकून होतो, माझा भागीदार तिथेच कॅशियर. गिरगावातल्या आमच्या चाळीची सहल दरवर्षी आम्हीच काढायचो, अष्टविनायक, गाणगापूर, एकदा उटी. त्यातून डोक्यात शिरलं की हाच धंदा करावा. 1996 च्या मे महिन्यात 22 माणसं घेऊन नैनितालला निघालो. तेव्हा ते उत्तर प्रदेशात होतं, उत्तराखंड व्हायला अजून चार वर्षं होती. पश्चिम एक्स्प्रेसने दिल्ली, जुन्या दिल्लीहून रात्रीची रानीखेत एक्स्प्रेस, पहाटे काठगोदाम आणि तिथून जीपने पस्तीसेक किलोमीटरचा घाट. या धंद्यातल्या माणसाला हा मार्ग पाठ असतो, जास्त सांगत नाही.

हॉटेलवाल्यांनी पत्रात ‘लेक व्ह्यू’ लिहिलं होतं, आम्ही ते तसंच उतरवून ‘सर्व खोल्या लेक व्ह्यू’ असं छापलं. पोचलो तर सात खोल्या मागच्या. खिडकी उघडली की हाताच्या अंतरावर दरड अडवायची दगडी भिंत आणि भिंतीवर शेवाळ. चाळीतले एक निवृत्त हेडमास्तर खिडकीशी उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “दाखव रे, कुठंय तळं?” मला आजही ते वाक्य ऐकू येतं. भागीदार म्हणाला, “सर, उद्या बोटीतून दाखवतो.” तो हसला, मास्तर हसले नाहीत. आमच्यातला फरक मला खरं तर त्याच संध्याकाळी कळायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी माणसं नौकाविहाराला गेली तेव्हा मी मल्लीतालच्या बाजारातून दोनशे पानी लाँगबुक आणलं, मॅनेजरकडून किल्ल्यांचा जुडगा मागून घेतला आणि खोली न खोली पाहिली. ती आमची खोल्यांची वही. पहिलं पान असं आहे: “204 : तळं दिसतं, पण बाल्कनीत उभं राहून मान डावीकडे वळवल्यास. 112 : तळं नाही, देवदार आहे, पहाटे पक्षी. 301 : पूर्ण तळं. 46 पायऱ्या. गुडघेवाल्यांना नको. 215 : बादली भरायला 7 मिनिटं, गरम पाणी साडेआठनंतर संपतं. 109 : शेजारी नाला, पावसात आवाज.” पलंग लाकडी की लोखंडी, खिडकीची कडी लागते का, कमोड की भारतीय, रजई किती जड, सगळं. मापायला शिंप्याची टेप, खिशात टॉर्च, गीझरच्या पाण्यासाठी दूध तापवताना वापरतात तो थर्मामीटर. लोक हसायचे. पण मुंबईहून निघण्याआधी रूमिंग लिस्ट करताना कोणाला कोणती खोली, हे मी ऑफिसात बसून ठरवू शकायचो आणि पाहुण्याला फोनवर सांगायचो, “काका, तुम्हाला तळं अर्धंच दिसेल, पण पायरी एकही नाही.” अर्धं तळं आधी सांगितलं तर माणूस आनंदाने घेतो. पूर्ण सांगून अर्धं दिलं तर भांडतो. नवीन मुलं या धंद्यात येतात, त्यांना सांगतो, हॉटेलचा फोटो मागू नका, खिडकीतून बाहेर काढलेला फोटो मागा. आणि ऊन विचारा. नैनितालला तळ्याच्या एका अंगाला अयारपाट्याचा डोंगर आहे, तिकडच्या रस्त्याचं नावच ठंडी सडक. ऊन येतच नाही म्हणून ठंडी. डिसेंबरात तिकडची खोली स्वस्त मिळाली म्हणून घेणारे मी पाहिले आहेत, दुसऱ्या दिवशी सगळा ग्रुप सर्दीने बेजार.

स्वयंपाक आमचाच. चिपळूणकडचे आमचे आचारी पहिल्या वर्षी तुरीच्या डाळीपुढे हात टेकून बसले. दोन हजार मीटरवर पाणी त्र्याण्णव-चौऱ्याण्णव अंशालाच उकळतं, पातेल्यात डाळ तासभर रटरटली तरी दाणा दाताखाली येतो. तेव्हापासून बावीस लिटरचा कुकर आमच्याबरोबर प्रवास करतो, गोणपाटात शिवलेला, वर लाल फीत. दोन वेळा रबर बदललंय, शिट्टी तीच आहे. दही लावायचं तर पातेलं रजईत गुंडाळून भट्टीशेजारी. गोडा मसाला, कोकम, मेतकूट मुंबईहून, भाज्या घाटाखालच्या हल्द्वानीच्या.

या भट्टीमुळेच आक्का आमच्याशी जोडल्या गेल्या. आक्का म्हणजे महापालिकेच्या एका इस्पितळातून निवृत्त झालेल्या परिचारिका, राहायला लालबागला. 1998 साली पहिल्यांदा आल्या. मी त्यांना मोठ्या मानाने 301 दिली. एक रात्र राहिल्या आणि सकाळी म्हणाल्या, “तुझं तळं तुलाच ठेव. मला 107 दे.” 107 ही भटारखान्याच्या डोक्यावरची खोली. खिडकीतून पत्र्याचं छप्पर, धुराडं आणि भांडी घासणारा पोरगा. कोणी घ्यायला तयार नसे, म्हणून तिथे आम्ही सामान ठेवायचो. आक्कांनी हात जमिनीला लावून पाहिला होता, फरशी कोमट होती. “आयुष्यभर रात्रपाळी केली,” म्हणाल्या, “भांड्यांच्या आवाजात मला झोप लागते.” तेव्हापासून अकरा वेळा नैनितालला आल्या, अकराही वेळा 107. माझ्या वहीत त्या खोलीपुढे मी ‘नको’ लिहिलं होतं, ते खोडून ‘आक्का’ लिहिलं.

पुढची दहाएक वर्षं बरी गेली.

2009 मध्ये भागीदार वेगळा झाला. हिशेब चोख केला, पैशाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वहीची आहे. वेगळं होण्याच्या आठवडाभर आधी वही दोन दिवस कपाटात नव्हती. तिसऱ्या दिवशी परत आली, मधल्या पानांचा शिवणीपाशी दोरा उसवलेला, झेरॉक्स काढताना सपाट करायला दाबतात तसा. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. त्याने रानडे रोडला आमच्यासमोरच गाळा घेतला आणि पहिल्याच जाहिरातीत छापलं, ‘सर्व खोल्या लेक व्ह्यू, घरचं जेवण’. तेरा वर्षांत मी जी वही खोल्या बघून, मोजून, पाण्यात बोट घालून लिहिली, ती त्याने दोन रुपये पानाने नेली, आणि ज्या एका शब्दापायी ती लिहावी लागली तोच शब्द पाटीवर लावला!

2010 चा मे. 38 पॅक्स, म्हणजे पाहुणे, 16 खोल्या, अॅडव्हान्स जानेवारीतच गेलेला. मोसमात संध्याकाळी तळ्याकाठच्या माल रोडवर गाड्या सोडत नाहीत, म्हणून आम्ही त्याच्या खालच्या टोकाला, तल्लीतालला उतरलो, हमालांच्या पाठीवर सामान चढवलं. हॉटेलात गेलो तर मॅनेजर वर बघेना. आमच्या सोळातल्या अकरा खोल्या दुसऱ्या ग्रुपला दिलेल्या. मुंबईचाच ग्रुप. जिन्यावरून आमच्या जुन्या भागीदाराचा टूर मॅनेजर खाली आला, माझ्याकडून शिकलेला मुलगा, तो मान खाली घालून बाजूने निघून गेला. जास्त अॅडव्हान्स, दोन सीझनची हमी, असं काहीतरी ठरलं होतं. मॅनेजर म्हणत राहिला, “सर, थोडा एडजस्ट कर लीजिए.” अडतीस माणसं पाच खोल्यांत?

रात्री नऊला जीपा करून सगळ्यांना भीमतालला नेलं. वीस-बावीस किलोमीटर, सातशे मीटर खाली. तिथलं तळं नैनितालपेक्षा मोठं आहे, मध्ये बेट आहे, पण ‘नैनिताल’ म्हणून पैसे भरलेल्या माणसाला हे रात्री साडेदहाला पटवून दाखवा. एका जावईबापूंनी मला सगळ्यांसमोर ‘फसवे’ म्हटलं. आक्का त्या ग्रुपात होत्या. त्यांनी पदर खोचला, आचाऱ्याला कुकर सोडायला लावला आणि अर्ध्या तासात सगळ्यांपुढे गरम मुगाची खिचडी आणि पापड आला. खाऊन झाल्यावर जावईबापूंना म्हणाल्या, “आता बोला.” ते झोपायला गेले. सकाळी धुकं उठलं, तळ्यावर बदकं होती, निम्म्या लोकांना भीमतालच आवडलं. निम्म्यांना नाही, त्यांना मी परताव्यात प्रत्येकी सतराशे रुपये दिले. पुढच्या वर्षी आम्ही माल रोडपासून जरा वर, बिनलिफ्टचं, जुनं, बापलेक चालवतात असं हॉटेल धरलं आणि नवी वही केली. आक्कांसाठी तिथेही भटारखान्यावरची खोली शोधली. योगायोग असा की नंबर तोच, 107.

2020 बद्दल सगळ्यांना माहीत आहे. त्या मेचे 43 जणांचे पैसे मी परत केले. माझे विमानाचे आणि दोन हॉटेलांचे पैसे मला ‘क्रेडिट’ म्हणून मिळाले, ते आजही क्रेडिटच आहेत.

मग 2021 चा ऑक्टोबर. दीड वर्षाने पहिली टूर, 26 माणसं, बहुतेक साठीपुढची, प्रत्येकाच्या मोबाइलात लसीचे दोन डोस. कल्पना माझी, कोजागिरी तळ्याकाठी. 19 तारखेची कोजागिरी, केशर आणि चारोळी मी दादरहून स्वतः निवडून घेतली होती. दसऱ्याच्या रात्री निघालो, 17 ला सकाळी पोचलो. पावसाचा इशारा होता. मी म्हटलं, ऑक्टोबरात किती पडेल?

18 ला दिवसभर पडला आणि रात्री थांबलाच नाही. जवळच्या मुक्तेश्वरला चोवीस तासांत 340.8 मिलिमीटर झाला, तिथल्या वेधशाळेत 1897 पासून नोंदी आहेत, त्यातला सर्वांत जास्त. वीज गेली, मग फोन गेले. 19 ला सकाळी खाली उतरून पाहिलं तर तळं रस्त्यावर आलं होतं. माल रोड कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं, नयनादेवीच्या देवळात पाणी शिरलेलं. हल्द्वानी, भवाली, काळाढुंगी, तिन्ही रस्ते दरडींनी बंद. काठगोदामला गौला नदीने रुळाखालची जमीनच ओढून नेली होती.

हॉटेलच्या म्हाताऱ्या मालकांनी मला बाजूला घेतलं आणि 1880 ची गोष्ट सांगितली. 18 सप्टेंबर, असाच पाऊस, डोंगर खाली आला, व्हिक्टोरिया हॉटेल गाडलं गेलं, 151 माणसं गेली. त्यानंतर इंग्रजांनी डोंगरभर नाले बांधले, ते आजही पाणी तळ्यात नेतात म्हणून गाव उभं आहे. “सबको नाले की तरफ से हटा दो,” म्हणाले. मी वही काढली. कोणत्या खोलीत रात्री पाण्याचा आवाज येतो हे मी पाहुण्यांची झोप मोडू नये म्हणून लिहिलेलं, त्या दिवशी त्यावरून सहा खोल्या रिकाम्या केल्या. नऊ जण 107 मध्ये आणि समोरच्या पॅसेजमध्ये झोपले. आक्का तेव्हा पंच्याहत्तरीच्या, त्यांनी पलंग सोडून दारात खुर्ची टाकली. “रात्रपाळी,” म्हणाल्या. दूध कुठलं येणार? दूध पावडरीत केशर घालून आटवलं आणि चंद्र न बघता कोजागिरी केली. नाल्याच्या बाजूला काही झालं नाही, तिकडच्या एका खिडकीची काच तेवढी फुटली. पण तसं होणार नाही हे रात्री कोणाला माहीत होतं?

तीन दिवस जास्त, जीपवाल्यांचं मनमानी भाडं, रेल्वे नाही म्हणून थेट दिल्लीपर्यंत गाड्या, तिथून नवी तिकिटं. 1 लाख 86 हजार अंगावर आले. पाहुण्यांकडून एक रुपया घेतला नाही. बऱ्याच जणांनी स्वतःहून देऊ केला, घ्यायला हवा होता असं बायको अजून म्हणते, आणि तिचं बरोबर आहे. तुम्ही धंदा करत असाल तर घ्या. मानीपणाला जीएसटी क्रमांक नसतो. मी मुंबईत आलो आणि गाळ्याचा पुढचा अर्धा भाग भाड्याने दिला, आता तिथे झेरॉक्सचं मशीन आहे. पाहुण्यांना माझ्या टेबलाशी यायला त्या मशीनला वळसा घालावा लागतो.

समोरच्यांनी पुढच्या वर्षी ‘कोजागिरी तलावाकाठी’ अशी जाहिरात केली. शब्दशः. त्या वर्षी तसा पाऊस नव्हता.

मागच्या महिन्यात आक्कांचा फोन आला. भाचीला घेऊन यायचंय, बहुतेक शेवटचं, असं त्या 2014 पासून म्हणतात. मी म्हटलं, हॉटेलच्या मुलाने दुरुस्ती काढलीय, भटारखाना हलवला, 107 आता चांगली झाली, खिडकीतून तळ्याचा तुकडा दिसतो म्हणे. पलीकडे शांतता. मग विचारलं, “चूल कुठं नेली?” मला सांगता आलं नाही. एप्रिलमध्ये टेप आणि थर्मामीटर घेऊन जाणार आहे.