हॉलमधला एक मैल : पहिल्या चार आठवड्यांची नोंदवही

पहिला दिवस, सोमवार

नऊ मिनिटं. घरात जागच्या जागी चालण्याच्या व्यायामाचा व्हिडिओ पंधरा मिनिटांचा, मी नवव्या मिनिटाला सोफ्यावर. घरात चालणाऱ्या आपल्या या गटातले बरेच जण तीन-तीन मैलांवर पोचलेत हे माहीत आहे, पण गटातल्या सगळ्यांच्या नोंदी वाचताना लक्षात आलं की पहिल्या आठवड्याचं कुणी नीट लिहीतच नाही. म्हणून ही वही.

निवडलंय अमेरिकन व्यायाम-प्रशिक्षिका लेस्ली सॅन्सोन यांचं ‘वॉक ॲट होम’. जागच्या जागी चालायचं, बस. मूळ पावलं चार : मार्च, बाजूला पाऊल, किक आणि गुडघा वर. उड्या नाहीत, जमिनीवर झोपून उठणं नाही. वय ४६, दिवसभर खुर्चीत काम, आणि मागच्या वर्षी एका उड्यांच्या व्हिडिओने उजव्या गुडघ्याला दाखवलेला इंगा अजून आठवतो, त्यामुळे हेच बरं. पंधरा मिनिटांत एक मैल, म्हणजे साधारण १.६ किलोमीटर. हॉलमध्ये टीपॉय भिंतीला लावला की दोन मीटर बाय दीड मीटर जागा निघते. तेवढी पुरते. बाजूच्या पावलात हात मात्र शोकेसच्या काचेला लागतो, एकदा लागलाच.

दुसरा दिवस

पूर्ण पंधरा मिनिटं, पण किकच्या वेळी फक्त मार्च केला. आज फार गोंधळ झाला. व्हिडिओतली बाई ‘राइट’ म्हणते, मी उजवीकडे जाते, पडद्यावरची सगळी मंडळी भलतीकडेच. शेवटी शब्द ऐकणं सोडलं आणि ती पडद्यावर ज्या बाजूला सरकेल त्या बाजूला सरकायचं ठरवलं. सुटला प्रश्न.

मधे जाहिरात आली. जाहिरातीत थांबले तर पाय परत सुरू होईनात. तेव्हापासून नियम : जाहिरात असो की दारावर दूधवाला, पाय चालू ठेवायचे.

तिसरा आणि चौथा दिवस

तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला. पोटऱ्या आणि मांड्या. सवय नसलेल्या व्यायामानंतरचं हे दुखणं लगेच येत नाही, एक ते तीन दिवसांनी सगळ्यात जास्त जाणवतं, हे वाचलं होतं म्हणून घाबरले नाही. पण नडगीचं दुखणं वेगळं होतं. पुढच्या बाजूला, हाडालगत, पाऊल टेकलं की कळ. हे नुसतं ‘अंग दुखतंय’ नव्हे, हे मलाही कळलं.

कारण उघड होतं. मी अनवाणी नाचत होते, गुळगुळीत टाइल्सवर. व्हिडिओत सगळ्यांच्या पायात बूट. आता आमच्या घरात बूट दाराबाहेरच्या स्टँडवर राहतात, आणि हॉलमध्येच पूर्वेच्या भिंतीला देव्हारा आहे. योगा मॅट अंथरून बघितली, तर मॅट मऊ, बाजूच्या पावलात पाय तिच्यात रुततो आणि घोटा मुरगळायची भीती. सतरंजी तर सरकतेच.

चौथ्या दिवशी सुट्टी. नडगीला बर्फ.

पाचवा दिवस

बुटांवरून सासूबाईंशी चर्चा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : “अगं, एवढी यातायात कशाला? नमस्कार घाल. पाटाएवढी जागा पुरते, आणि पायात काही लागत नाही.” त्यांचे वडील सातारा जिल्ह्यातल्या औंधचे. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्या संस्थानात शाळेतल्या मुलांना सूर्यनमस्कार लावले होते, त्यांतला हा एक मुलगा, म्हातारपणापर्यंत रोज पंचवीस घालणारा. त्यापुढे माझी अमेरिकन बाई काय टिकणार?

मी म्हटलं, “आई, वाकलं की मला चक्कर येते, म्हणून आधी हे.” ते खरंही आहे. तह असा झाला : नवे बूट, जे उंबऱ्याबाहेर कधीच जाणार नाहीत, आणि त्यांची जागा टीव्हीखालच्या कप्प्यात, देव्हाऱ्याच्या समोरच्या भिंतीला. दुकानदाराला ‘घरात घालायला’ सांगितल्यावर तो स्लीपर काढायला लागला. टाच फार जाड नसलेले, तळवा सहज वाकणारे, बाजूने घट्ट धरणारे असे घेतले.

दुसरा आठवडा

बुटांनी नडगी तीन दिवसांत शांत झाली. पण बुटांबरोबर आवाज आला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, डोंबिवलीतली जुनी इमारत, स्लॅब कसा आहे ते देवालाच ठाऊक. बुधवारी खालच्या काकू जिन्यात भेटल्या. रागावल्या नव्हत्या. “पहाटे कांडण चालू असतं का गं?” एवढंच विचारलं.

यातून एक गोष्ट शिकले, ती नव्या माणसांसाठी मुद्दाम सविस्तर लिहिते. रस्त्यावर चालताना टाच आधी टेकते. जागच्या जागी चालताना पाऊल वरून सरळ खाली येतं, आणि मी टाचेसकट अख्खा तळवा एकदम आपटत होते. आता चवड्याचा भाग आधी, मग टाच हळूच. गुडघा किंचित सैल. धप्प आवाज गेला, आणि मला वाटतं नडगी दुखायचं अर्धं कारण हेच होतं, बूट नंतर. स्वतःचा आवाज कळायला एक दिवस टीव्ही म्यूट करून केलं. तुम्हीही करून बघा, लाज वाटेल.

शिवाय वेळ पावणेसहावरून साडेसहाला नेली. म्हणजे व्यायाम, डबे आणि लोकल यांत फक्त आंघोळीपुरती फट उरते.

तिसरा आठवडा

पाच दिवस, पाच मैल. मंगळवारी कुकर लावलेला असल्यामुळे सकाळी आठ मिनिटं आणि संध्याकाळी उरलेली सात. हे चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये ‘एका वेळी किमान दहा मिनिटं’ ही जुनी अट राहिलेली नाही. आठवड्याला मध्यम व्यायामाची किमान १५० मिनिटं मात्र आहेत. माझी ७५. म्हणजे बरोबर निम्मी, आणि हे मी फ्रिजवर लिहून ठेवलंय.

वजनाचा आकडा या वहीत येणार नाही. काटा माळ्यावर टाकलाय. त्याऐवजी नाडी मोजते. मैल संपताक्षणी मनगटावर दोन बोटं, दहा सेकंद, गुणिले सहा. ढोबळ हिशोबाने मिनिटाला जास्तीत जास्त ठोके २२० वजा वय, म्हणजे माझे १७४, आणि मध्यम व्यायामाला त्याचे ६४ ते ७६ टक्के, म्हणजे १११ ते १३२. सोमवारी २१ ठोके, १२६. ज्यांना हे गणित नको त्यांनी बोलून बघावं : वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर वेग बरोबर.

चौथा आठवडा

तोच मैल, तीच पावलं, गुरुवारी दहा सेकंदांत १८ ठोके. म्हणजे १०८, त्या १११ ते १३२ च्या पट्ट्याच्या खाली. दोनदा मोजलं. पहिल्या दिवशी ज्या नवव्या मिनिटाला सोफा गाठला होता, तिथे आता मी आज भाजी कसली करायची याचा विचार करत असते.

सासूबाई त्या वेळी देवासाठी फुलं निवडत बसतात. चार आठवडे पडद्याकडे पाठ करून ऐकतायत. आता व्हिडिओतलं संगीत बदललं की बाईच्या आधी त्याच सांगतात, “चल, आता लाथा.” किकला आमच्या घरात हेच नाव पडलंय. परवा चुकून मी तिसऱ्या मिनिटाला गुडघे सुरू केले तर न वळताच म्हणाल्या, “अजून नाही.”

रविवारी दोन मैलांचा, तीस मिनिटांचा लावणार आहे. पहिला मैल नेहमीच्या वेगाने आणि दुसऱ्यात हात नुसते कंबरेवर, असं ठरवलंय. दुसऱ्या मैलाला नडगी पुन्हा बोलली का कुणाची? बोलली असेल तर कितव्या मिनिटाला, ते कळवा.