रोझ थिएटर १:५० अपडेट: सिंहासन अखेर सरळ उतरलं, आणि त्यामुळेच सगळा प्लॅन बदलतोय

मंडळी, उतरलं! मी करतेय त्या रोझ थिएटरच्या मॉडेलमध्ये (१:५०, म्हणजे खऱ्याच्या पन्नासाव्या हिश्शाचं) स्वर्गातून स्टेजपर्यंत, न गिरकता, न कलता, मधे कुठेही न अडकता, सिंहासन सरळ खाली आलं आणि तसंच सरळ वर गेलं. काल रात्री भाच्याला झोपेतून उठवून दाखवलं आणि तोही मग झोपायला तयार होईना, रहाट फिरवतच बसला.

मागच्या अपडेटमध्ये १५९२ चं वाढवलेलं स्टेज बसवून झालं होतं आणि स्टेजवरचं छप्पर, म्हणजे आपला ‘स्वर्ग’, सुटा होता. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: फिलिप हेन्स्लोने १५८७ मध्ये लंडनच्या बँकसाइडला बांधलेलं रोझ, १९८९ च्या उत्खननात पाया सापडलेलं, साधारण चौदा बाजूंचं, २२ मीटर व्यासाचं, म्हणजे आपल्या स्केलला ४४ सेंटीमीटर. शेक्सपिअरच्या काळातला नाटककार क्रिस्टोफर मार्लो, त्याची नाटकं जिथे नट एडवर्ड अ‍ॅलनने गाजवली ती जागा. माझं पहिल्यापासून ठरलेलं होतं की रिकामं थिएटर करायचं नाही, मार्लोचा एक प्रसंग चालू असलेलं करायचं, आणि तो म्हणजे ‘डॉक्टर फॉस्टस’चा, सैतानाला आत्मा विकलेल्या विद्वानाचा, शेवटचा तास. वरून संगीताच्या साथीने सिंहासन उतरतं, देवदूत फॉस्टसला दाखवतो की हे तुझं असू शकलं असतं, मग ते निघून जातं आणि नरक उघडतो.

नरकाचं तोंड कधीच तयार आहे (कागदाचा लगदा, आतून लाल वॉर्निश, जबडा खरंच उघडतो). हेन्स्लोच्या १५९८ च्या सामानाच्या यादीत ‘नरकाचं तोंड एक’ असं चक्क लिहिलंय, आणि त्याच यादीत फॉस्टसचा ड्रॅगन, ज्यूच्या नाटकातली (मार्लोचंच ‘ज्यू ऑफ माल्टा’) कढई आणि तैमूरलंगचा लगाम पण आहे. ही यादी मी इतक्यांदा वाचलीये तरी प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो. लगाम मी तांब्याच्या तारेचा केलाय. मार्लोच्या तैमूरलंगावरच्या ‘टॅम्बरलेन’च्या दुसऱ्या भागात हरलेल्या राजांना रथाला जुंपतात तो हा लगाम, आणि तो प्रसंग लोकांच्या डोक्यात इतका बसला होता की शेक्सपिअरने ‘चौथा हेन्री’च्या दुसऱ्या भागात पिस्टल या पात्राच्या तोंडी त्याच ओळी उलट्यापालट्या करून घातल्या.

आता सिंहासन. सगळा वेळ यानेच खाल्ला.

अडचण अशी की १:५० ला सगळं लहान होतं पण दोऱ्याचा ताठपणा त्या प्रमाणात कमी होत नाही. खरं सिंहासन माणसासकट दीड-दोनशे किलोचं धरलं तर आपल्या स्केलला ते दोन ग्रॅमसुद्धा भरत नाही, कारण वजन लांबीच्या घनात घटतं. एवढ्याशा वजनाने दोरा सरळच होत नाही, वेटोळी तशीच राहतात. शिवाय साधा शिवणाचा दोरा पिळाचा असतो, ताण आला की पीळ उलगडतो आणि खाली टांगलेली वस्तू भोवऱ्यासारखी फिरते. एका दोऱ्यावर सिंहासन उतरताना प्रेक्षकांकडे आधी तोंड, मग पाठ, मग परत तोंड. दोन दोरे लावले तर गिरकी थांबली पण पुढे-मागे झुलायला लागलं. चार कोपऱ्यांना चार लावले तर चौघांची लांबी केसाइतकीही वेगळी झाली की एक ढिला पडतो आणि बैठक कलते.

तीन दोरे हे उत्तर निघालं. तीन बिंदूंवर टांगलेल्या वस्तूचा कुठलाच दोरा ढिला पडत नाही, भार आपोआप तिघांत वाटला जातो. दोन हातांच्या टोकांना आणि एक पाठीच्या वरच्या मधल्या बिंदूला. वजनासाठी बैठकीखाली गळाला लावायचं शिसं हातोडीने पातळ ठोकून चिकटवलं. दोऱ्यासाठी मालवणच्या काकांनी ब्रेडेड फिशिंग लाइन पाठवली, सगळ्यात बारीक, आणि माझं ठाम मत झालंय की १:१०० पर्यंतच्या कुठल्याही हलत्या मॉडेलला याशिवाय दुसरं काही वापरूच नये. पीळ नाही, तूस नाही, ताणत नाही.

तरीही कलत होतं! वर येताना सरळ आणि निम्म्यावर आलं की डावा हात वर. इथे मी खूप अडकले होते. शेवटी भिंग घेऊन रहाटाच्या दांड्याकडे बघत एकेक फेरा फिरवला तेव्हा दिसलं की डाव्या बाजूचा दोरा चौथ्या फेऱ्याला स्वतःच्याच आधीच्या वेढ्यावर चढतोय. वर चढला की तिथली जाडी वाढते, म्हणजे त्या फेऱ्यात तो बाकीच्या दोघांपेक्षा जास्त गुंडाळला जातो. एवढ्याशा फरकाने बैठक कलते. उपाय: दांड्यावर तांब्याची बारीक तार मळसूत्रासारखी गुंडाळून चिकटवली, दोन वेढ्यांमध्ये दोऱ्यापुरती फट ठेवून. आता तिन्ही दोरे आपापल्या खाचेतच बसतात, एकावर एक चढूच शकत नाहीत. तार चिकटवायला दोन घटकांचं इपॉक्सी घ्या, इन्स्टंट ग्लू नको, तो खाचेत पसरतो आणि वर पांढरी बुरशी आल्यासारखा थर सोडतो.

हे सगळं करताना एक गोष्ट फार जाणवली. छापील नाटकात सूचना आहे की सिंहासन उतरत असताना संगीत वाजतं. मला आता खात्री वाटते की ते संगीत नुसतं दिव्य वाटावं म्हणून नव्हतं, रहाटाची करकर झाकायलाही होतं. माझा एवढासा दांडासुद्धा करकरतो. त्या काळचा नाटककार बेन जॉन्सनने तर आपल्या एका नाटकाच्या प्रस्तावनेत बजावलंय की माझ्याकडे पोरांना खूश करायला करकरणारं सिंहासन खाली येणार नाही. हाच जॉन्सन ज्याने १६२३ मध्ये शेक्सपिअरला वाहिलेल्या कवितेत मार्लोच्या ‘बलदंड ओळी’ची आठवण काढली.

आता प्लॅन का बदलतोय ते. सिंहासन चाललं म्हटल्यावर प्रसंगाची मांडणी पक्की करायला मी ‘फॉस्टस’च्या दोन्ही छापील संहिता शेजारी ठेवल्या, १६०४ ची आणि १६१६ ची. आपल्याला सगळ्यांना माहितीये की सिंहासन फक्त १६१६ च्या संहितेत आहे. आणि हेन्स्लोच्या हिशोबाच्या वहीत स्वर्गातल्या सिंहासनाचं सुतारकाम जून १५९५ चं आहे, ७ पौंड २ शिलिंग. मार्लो तर ३० मे १५९३ ला डेप्टफर्डला भोसकला गेला. मग १६०२ मध्ये विल्यम बर्ड आणि सॅम्युअल रोली या दोघांना फॉस्टसमध्ये भर घालायला ४ पौंड दिल्याची नोंद आहे, आणि तोपर्यंत नाटक कंपनी रोझ सोडून फॉर्च्युन या दुसऱ्या थिएटरमध्ये गेलेली होती. म्हणजे हे सिंहासन मार्लोने डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं असेल असं मला अजिबात वाटत नाही. ३० सप्टेंबर १५९४ ला रोझमध्ये फॉस्टस झालं, हेन्स्लोच्या वाट्याला ३ पौंड १२ शिलिंग आले, तेव्हाही ते सिंहासन नव्हतं.

पण तारखांपेक्षा मला ओळींनीच जास्त हलवलं. १६०४ च्या संहितेत शेवटच्या तासाला फॉस्टस वर बघतो आणि त्याला आकाशात ख्रिस्ताचं रक्त वाहताना दिसतं, तो झेप घ्यायला जातो आणि विचारतो मला खाली कोण ओढतंय. वर काहीच नाही, फक्त रंगवलेलं छत, आणि सगळं आकाश त्या एका नटाच्या बोलण्यात. १६१६ मध्ये रक्त वाहणारी ती ओळच नाही, आणि नेमकं तिथेच लाकडी सिंहासन आलंय. जे आधी शब्दात होतं ते आता सुताराने करून दिलं. मी सुताराच्या बाजूची आहे, तरी सांगते, रोझच्या त्या लहानशा स्टेजवर, मागे साधारण ११ मीटर, पुढे ८ आणि खोली जेमतेम पाच-साडेपाच, सिंहासनाशिवायचा फॉस्टस जास्त भिडतो. पुढच्या रांगेतला माणूस त्याच्यापासून हाताच्या अंतरावर उभा आहे, त्याला यंत्राची गरज नाही.

म्हणून आधी ठरवलं की रोझमध्ये १६०४ चा फॉस्टस, एकटा, घड्याळाचे ठोके मोजणारा. यंत्रणा वर छतात राहील कारण १५९५ ला ती होतीच, फक्त खाली येणार नाही.

आणि हे लिहिताना मधेच ‘ज्यू ऑफ माल्टा’ उघडलं, कढईचं माप बघायला. पाचवा अंक. सूचना अशी की बाराबास, म्हणजे नाटकातला तो ज्यू, वर, हातात हातोडा घेऊन, अगदी कामात गढलेला. आणि तो सुतारांना विचारतो की दोऱ्या कशा आहेत, बिजागऱ्या घट्ट आहेत का, क्रेन आणि कप्प्या पक्क्या आहेत का! हे मी आधी वाचलेलं आहे, पण तेव्हा रहाट बनवलेला नव्हता. मार्लोने स्वतःच स्टेजची यंत्रणा लावणारा माणूस स्टेजवर आणलाय, वरच्या सज्जात, हातोड्यासकट. सज्जाची खोटी जमीन दोरीवर तोललेली, दोरी कापली की कोसळणार, खाली कढई. आणि पडतो तो ज्याने सापळा लावला तोच. (छापील प्रत १६३३ ची आहे हे मान्य, पण कढई १५९८ च्या यादीत आहे, त्यामुळे हा शेवट तेव्हाही असाच असणार असं मी धरते.) हे नाटक हेन्स्लोच्या वहीत २६ फेब्रुवारी १५९२ ला आहे, ५० शिलिंग, म्हणजे नेमकं मी बांधलेल्या वाढीव स्टेजच्या सुरुवातीच्या दिवसांतलं.

तर रोझमध्ये आता बाराबास. त्याच रहाटावर, त्याच तारेच्या खाचांवर सज्जाची पडती जमीन बसवायची. दोरी ‘कापायला’ एक खिट्टी करावी लागेल जी ओढली की सुटेल आणि परत लावता येईल. फॉस्टसचा पुतळा बदलून ठेवता येईल असा करते, पायाखाली छोटं चुंबक, म्हणजे मूडप्रमाणे नाटक बदलता येईल.

सिंहासन वाया जाणार नाही. ते फॉर्च्युनमध्ये जाईल. हो, फॉर्च्युन करायचं ठरलंय! ८ जानेवारी १६०० चा करार शाबूत आहे, सुतार पीटर स्ट्रीट, बाहेरून ८० फूट चौरस, आतून ५५, स्टेज ४३ फूट रुंद, एकूण ४४० पौंड. चौरस इमारत, चौदा बाजूंचे कोन कापण्याची कटकट नाही. फक्त करारात मुख्य खांब चौकोनी आणि वर सॅटर (अर्धा माणूस, अर्धा बोकड) कोरलेले हवेत असं म्हटलंय, ते १:५० ला कसे कोरायचे यावर विचार चालू आहे, बहुधा इपॉक्सी पुटी आणि सुई.

एक कल्पना अजून. फॉस्टस इंग्लिश फिरत्या नटांबरोबर जर्मन मुलखात गेला, १६०८ मध्ये ग्राट्झला त्याचा प्रयोग झाल्याची नोंद आहे, आणि पुढे तिथे तो कळसूत्री बाहुल्यांचा खेळ झाला. जर्मन कवी गोएटेला फाउस्ट, म्हणजे फॉस्टसच, पहिल्यांदा भेटला तो या बाहुल्यांतून. म्हणजे मार्लोचं नाटक शंभर-दीडशे वर्षं दोऱ्यांवर लोंबकळत जिवंत राहिलं! मे महिन्यात मालवणला जाईन तेव्हा कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्यांचे दोरे नीट बघणार आहे. बाहुली गिरकी का घेत नाही, दोरे कुठे बांधलेत, हातात कसे धरतात. फॉर्च्युननंतर बाहुल्यांच्या फाउस्टचं छोटं स्टेज करावं असं फार मनात आहे.

बाकी छोट्या गोष्टी. यार्डाची (स्टेजपुढे प्रेक्षक उभे राहतात त्या अंगणाची) जमीन पूर्ण झाली आणि मी तिच्यावर बेहद्द खूश आहे. उत्खननात वाढीव यार्डात राख, खंगर आणि हेझलनटच्या टरफलांचा थर निघाला होता. मी भुईमुगाची टरफलं मिक्सरला फिरवून, मैद्याच्या चाळणीतून दोनदा चाळून, चुलीच्या राखेत मिसळली आणि पातळ केलेल्या फेविकॉलवर भुरभुरली. रंग लावायची गरजच पडली नाही. पेंढ्याच्या छपराला सुतळी उसवून वापरतेय, तिचा सोनेरीपणा चहाच्या पाण्यात जरा काळवंडला की झकास दिसतो.

बाल्सा लाकूड मात्र ऑनलाइन मागवू नका. परत वाकलेल्या पट्ट्या आल्या आणि विक्रेता बदलून द्यायला तयार नाही. बोहरी आळीत हाताने निवडून घेतलेल्या सागाच्या बारीक पट्ट्या कापायला त्रास देतात पण वाकत नाहीत, खांब आणि सज्जासाठी मी आता त्याच वापरणार.

कोणाकडे ४ मिलिमीटरच्या आतल्या पितळी कप्प्या मिळत असतील तर सांगा, जहाजांची मॉडेल करणाऱ्यांकडे असतात असं ऐकलंय. बाराबासच्या जमिनीला दोन लागतील, फॉर्च्युनच्या स्वर्गाला तीन. आणि खिट्टी स्प्रिंगची करावी की नुसती पाचरीची, यावर ज्यांनी पडते दरवाजे केलेत त्यांनी मत द्या, कारण पुढच्या रविवारी सज्जाला भोक पाडायला घेणार आहे.