ठेवायचं की बदलायचं, हे झाकण उघडल्यावर ठरतं

घड्याळ रोलेक्स डेटजस्ट, मॉडेल १६०१. व्यास ३६ मिलिमीटर, केस, म्हणजे बाहेरचं कवच, स्टीलची, वर काचेभोवतीचं व्हाइट गोल्डचं दातेरी कडं, म्हणजे बेझल. मालक रत्नागिरीकडचे, साठीतले. वडील बोटीवर होते तेव्हा त्यांनी घेतलेलं. दिवसाला दीड-दोन मिनिटं मागे पडत होतं, हात हलवला की आतून खरखर यायची. एका विक्रेत्यानं त्यांना सांगितलं होतं, ‘डायलला डाग पडलेत, हे जमा करा, वर पैसे घाला आणि नवीन न्या.’ हो म्हणण्याआधी ते माझ्याकडे आले.

मी म्हटलं, “काका, आज काही ठरवू नका. आधी उघडून बघू.”

पण उघडण्याआधी बाहेरून बघायचं असतं, आणि निम्मी किंमत तिथेच कळते. पट्टा काढला. १२ च्या बाजूला दोन लगांच्या, म्हणजे पट्टा धरणाऱ्या केसच्या शिंगांच्या, मध्ये मॉडेलचा क्रमांक आणि ६ च्या बाजूला सिरियल, दोन्ही स्पष्ट. या पिढीच्या केसला लगांमधून आरपार भोकं असतात. वारंवार पॉलिश झालेल्या केसमध्ये भोकाचं तोंड फाकतं आणि भोक व कड यांच्यामधला पत्रा बारीक होतो. इथे चारही भोकांची तोंडं गोल होती, कडेला भरपूर धातू शिल्लक होता. बेझलचे दाते नखाला टोचत होते. केस जवळपास जशी होती तशी, म्हणजे पहिली जमेची बाजू. पट्टा मात्र आडवा धरला की लोंबत होता. जुन्या ज्युबिली पट्ट्याच्या कड्या पत्रा दुमडून केलेल्या, आतून पोकळ. घाम आणि धूळ आत घासून पिना झिजतात.

मग टाइमग्राफर, म्हणजे टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारं उपकरण. त्यात ताशी १९,८०० ठोके आणि लिफ्ट अँगल (मागेपुढे डोलून वेळ मोजणाऱ्या बॅलन्स व्हीलला ठोक्यागणिक धक्का मिळत असतो तेवढा कोन) ५२ अंश भरावे लागतात. अँगल चुकीचा भरला तर झोक्याचा आकडा खोटा येतो आणि चांगलं मशीन आजारी दिसतं. पूर्ण चावी देऊन, डायल वर ठेवून बॅलन्स व्हीलचा झोका १९६ अंश. उभं धरल्यावर १६०. निरोगी मशीन आडवं असताना २७० च्या वर हवं. इतका कमी झोका म्हणजे तेल सुकलंय किंवा मेनस्प्रिंग, म्हणजे चावीची ताकद साठवणारी स्प्रिंग, थकलीय. बहुतेक वेळा दोन्ही.

चावीचा, म्हणजे बाजूच्या फिरवायच्या घुंडीचा, आटा पकडत नव्हता. चावी आणि केसमधली नळी, दोन्हींचे आटे झिजलेले. कोकणातल्या पावसाळ्यात अशी उघडी चावी म्हणजे ओल आत जायला मोकळी वाट. मला खरी भीती गंजाची होती.

झाकणाच्या खाचांत नीट बसणारा साचा लावून झाकण फिरवलं. आतल्या बाजूला मॉडेल क्रमांकाखाली I.68, म्हणजे १९६८ ची पहिली तिमाही. त्याभोवती तीन जुन्या कारागिरांनी सुईनं कोरलेल्या खुणा, शेवटची २००४ ची. आणि या सगळ्यावरून अर्धवर्तुळात गेलेला एक चकचकीत ओरखडा. खरखर तिथून येत होती. रोटर म्हणजे हाताच्या हालचालीनं फिरून घड्याळाला चावी देणारं अर्धवर्तुळी वजन. त्याच्या कडेखाली लाकडी काडी घालून हलकेच उचललं, तर तो डुलला. रोटरचा धुरा झिजला की कड खाली झुकते, एकीकडे झाकण घासते, दुसरीकडे ब्रिज, म्हणजे चाकं धरणारी धातूची पट्टी. त्यातून पडणारा धातूचा चुरा उरल्यासुरल्या तेलात मिसळतो आणि इतर चाकं खायला लागतो. यात मशीनला दोष देऊ नये. वीस वर्षं तेल मिळालं नाही तर हेच होणार.

ब्रिजवर मशीनचा क्रमांक १५७० कोरलेला दिसल्यावर काकांना शंका आली. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की तारखेचं मशीन १५७५ असतं, म्हणजे तुमचं बदललंय. तसं नाही. तारखेचं मशीन १५७५ च म्हणतात, पण ब्रिजवर १५७० असणं नेहमीचंच. केवळ या आकड्यावरून कुणी भाव पाडत असेल तर त्याचं ऐकू नये.

गंज चावीच्या दांडीवर आणि लगतच्या एका लिव्हरवर होता, पुढे पसरलेला नव्हता. हेअरस्प्रिंग, म्हणजे बॅलन्सची केसासारखी बारीक स्प्रिंग, स्वच्छ, तिची वरची वळलेली कमान कुणी वाकवलेली नाही. बॅलन्सवरच्या, वेळ जुळवायच्या बारीक मायक्रोस्टेला नटांवर पकडीचे व्रण नाहीत. या मशीनला वेळ पुढेमागे करायची पट्टी नसते. नट आत घेतले की घड्याळ पुढे, बाहेर काढले की मागे, आणि समोरासमोरची जोडी सारखीच फिरवायची. एकच नट फिरवला तर चाकाचा तोल जातो आणि मग प्रत्येक अवस्थेत वेगळी वेळ.

शेवटी डायल. यूव्ही टॉर्च मारली. तासांवरचे ठिपके फिकट उजळले आणि टॉर्च विझताच विझले, काटेही तसेच. जुनं ट्रिटियम, म्हणजे अंधारात चमकावं म्हणून रंगात मिसळलेला किरणोत्सारी पदार्थ, असंच वागतं. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, त्यामुळे ५० वर्षांपूर्वीचा रंग आता अंधारात जवळपास मेलेलाच असतो. ठिपके हिरवे आणि बराच वेळ चमकले असते तर नंतर भरलेले म्हणायचं. ६ च्या खाली दोन बाजूंना ट्रिटियमची खूण T, छपाईची अक्षरं भिंगाखाली उठावदार, कडा सरळ. विक्रेता ज्याला डाग म्हणत होता ती चंदेरी पृष्ठभागावर चढलेली पिवळसर छटा होती. ही डायल रंगवून घेतली असती तर घड्याळाचं मोठं मोल त्या दिवशी संपलं असतं.

तिथे माझा निर्णय झाला. मशीनमधले झिजणारे भाग बदलता येतात, आणि ते बेधडक बदलावेत. धुरा, मेनस्प्रिंग, चावी, नळी, गास्केट यांच्यात भावना ठेवू नये. मूळ डायल आणि केसच्या कडा एकदा गेल्या की गेल्या. डायल रंगवलेली, लग झिजलेले आणि गंज गिअर ट्रेनपर्यंत, म्हणजे आतल्या चाकांपर्यंत, गेलेला असता तर मीच त्यांना म्हटलं असतं, द्या आणि नवीन घ्या. नवीन ३६ मिलिमीटर डेटजस्टमधलं ३२३५ मशीन ७० तास चालतं, तारीख झटकन बदलते, १०० मीटरपर्यंत पाण्याची हमी. रोज पोहणाऱ्या माणसानं तेच घ्यावं, जुनं घड्याळ पाण्यात नेऊ नये. काका पोहत नाहीत. आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याच्याही आत होता.

त्यांनी ठेवायचं ठरवलं. अधिकृत सर्व्हिसला पाठवायचं तर अर्जावर स्वच्छ लिहा, असं मी सुचवलं: डायल आणि काटे बदलू नयेत, केस पॉलिश करू नये, काढलेले भाग परत द्यावेत. हे न लिहिल्यामुळे मूळ काटे गमावलेली घड्याळं मी पाहिली आहेत, आणि दर वेळी जीव हळहळतो. त्यांनी काम इथेच करायला सांगितलं.

काटे काढताना डायलवर प्लास्टिकचा पातळ कागद, आणि ट्रिटियमच्या भुकटीवर फुंकर नाही. मशीन पूर्ण सुटं करून धुतलं. पॅलेट फोर्क, म्हणजे बॅलन्सला धक्का देणारा छोटा दुबेळका भाग, मात्र स्पिरिटमध्ये ठेवला नाही, कारण त्याचे खडे शेलॅकनं चिकटवलेले असतात आणि स्पिरिट शेलॅक विरघळवतं. रोटरचा जुना धुरा दाबून काढला, नवा स्टेकिंग टूलवर रिव्हेट केला. नवी मेनस्प्रिंग बसवताना बॅरलच्या, म्हणजे ती ज्यात बसते त्या डबीच्या, भिंतीला ब्रेकिंग ग्रीसचे मोजके ठिपके लावले. जास्त झालं तर स्प्रिंग लवकर सरकते आणि रात्रीत घड्याळ थांबतं. कमी झालं तर ती सरकतच नाही आणि झोका इतका वाढतो की बॅलन्स आपटायला लागतो. मग तेल आणि ग्रीस: जलद चाकांना ९०१०, जड हळू भागांना एचपी १३००, पॅलेटच्या खड्यांना ९४१५.

पाच दिवसांनी आडवा झोका २८२, उभा २५० च्या पुढे, दिवसाला ४ ते ९ सेकंद पुढे. पट्ट्याच्या पिना बदलल्या, केसला बफ लावला नाही.

घड्याळ नेताना काकांना तारीख लावायची रीत दाखवली. या मशीनला झटपट तारीख नाही, ती सोय १९७७ मध्ये ३०३५ मशीनपासून आली. चावी ओढून काटे मध्यरात्र ओलांडेपर्यंत पुढे, मग रात्रीच्या आठच्या आसपास मागे, पुन्हा मध्यरात्रीपलीकडे. दर फेरीला एक दिवस. सेकंदकाटा चावी ओढल्यावरही चालूच राहतो, तो बिघाड नाही. ११ वरून १९ वर यायला आठ फेऱ्या लागल्या, शेवटच्या चार त्यांनी स्वतः केल्या. झिजलेला धुरा, जुनी चावी, नळी आणि मेनस्प्रिंग एका पुडीत घालून, वर तारीख लिहून त्यांच्याकडे दिली.