काट्यावरची रांग अन् बिटकॉइन

आज कापूस घेऊन जिनिंगवर गेलो. चार तास रांग. पुढच्या मेटॅडोरवरचा पोरगा मोबाईलवर बिटकॉइनचा, म्हणजे इंटरनेटवरच्या डिजिटल नाण्याचा, भाव पाहत होता, हजाराचं घेतलंय म्हणे. आमच्या काकांनी विचारलं, "पन हे पिकते कुठं बाप्पा?"

पोरगं हुशार. म्हणे, कॉम्प्युटर चालवून निघते; साधारण दर १० मिनिटांनी एक ब्लॉक (व्यवहारांच्या वहीचं एक पान), २०२४ पासून त्याचे ३.१२५ नाणे. एकूण २ कोटी १० लाखांच्या वर निघणारच नाही.

"म्हंजे लाईन पायजे. आपली तं मोटरच रातच्या दोन वाजता चालते!"

सगळे हसले. या ब्लॉकांच्या मूळ साखळीवर सेकंदाला सातेकच व्यवहार होतात, म्हणून लहान रकमेसाठी वर लाइटनिंग नावाची वेगळी सोय आहे, हेही त्यानंच सांगितलं. काका म्हणे, "मंग तिथंबी काट्यासारखीच रांग हाय लेका!"

मला खटकला तो बिटकॉइनवरचा कर. नफ्यावर सरळ ३० टक्के, अन् तोटा झाला तर तो कशातूनच वजा होत नाही. कापसात निदान तोट्यावर कर तरी नाही (नफा कधी झाला, आठवत नाही). मी काही घेणार नाही.

चहाचे पैसे त्या पोरानंच दिले. सुट्टे, खिशातले.