फोटोखालच्या दोन ओळी

मला दिसत नाही. सोशल मीडियावर पहिलं खातं उघडतानाच मी अडले. चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायची होती आणि चित्रातलं काहीच टॉकबॅक, म्हणजे फोनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, वाचत नव्हता. शेवटी ऐकून उत्तर द्यायचा पर्याय सापडला. खरखरीतून आकडे टिपत चौथ्या खेपेला आत गेले.

पुढचं हाताच्या सवयीचं होतं. उजवीकडे बोट सरकवलं की पुढची गोष्ट ऐकू येते, दोनदा टिचकी मारली की ती उघडते. आवाजाचा वेग मी हळूहळू वाढवत नेला. आता मी ऐकते ते शेजारच्याला नुसती गुणगुण वाटते.

खरी अडचण वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आली. परीक्षेचं वेळापत्रक यायचं ते कागदाचा फोटो काढून. फोन एवढंच म्हणायचा, "फोटो." खाली सगळ्यांचे "धन्यवाद". मी मैत्रिणीला वेगळा मेसेज करायचे, "काय आलंय?" ती लगेच सांगायची, तरी दर वेळी विचारावं लागणं मला फार लागायचं. एका रात्री तिचं उत्तर आलं नाही. मग मी गटावरच लिहिलं, "मी ऐकून वाचते. फोटोतली अक्षरं मला ऐकू येत नाहीत. फोटो टाकाल तेव्हा खाली दोन ओळी लिहा." पाठवण्याआधी तीनदा पुसलं होतं. थोड्याच वेळात एकाने अख्खं वेळापत्रक टाईप करून टाकलं. त्याला हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून मी सांगत सुटले. वाक्याच्या मधोमध इमोजी पेरू नका, प्रत्येकाचं नाव वाचलं जातं आणि वाक्य तुटतं. नक्षीदार इंग्रजी अक्षरं म्हणजे खरं तर गणिताची चिन्हं. स्क्रीन रीडर ती गाळतो किंवा एकेक उच्चारतो. इंग्रजी हॅशटॅगमधल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं ठेवा, म्हणजे शब्द सुटे ऐकू येतात.

फेसबुकने २०१६ मध्ये फोटोंचं आपोआप वर्णन सुरू केलं. त्यातून माणसं, झाडं एवढं कळतं, आणि काहीच न कळण्यापेक्षा ते कितीतरी बरं. पण कोण कुणाकडे बघून हसतंय, हे फोटो टाकणाराच सांगू शकतो. इन्स्टाग्रामवर २०१८ पासून असं वर्णन स्वतः लिहिता येतं.

गेल्या महिन्यात मी माझा फोटो टाकला. काय दिसतंय ते मैत्रिणीकडून नीट ऐकून वर्णन लिहिलं: "मी हसतेय, मागे पुस्तकांचं कपाट." पहिला प्रतिसाद दुसऱ्या एका दृष्टिहीन मुलीचा आला, "कपाटात कुठली पुस्तकं आहेत?"