त्रेबिन्ये ते नायगाव, टिळक पुलावरून

मुंबईला गेले होते चुलतबहिणीच्या लग्नाच्या खरेदीसाठी. सांगलीहून महालक्ष्मीनं सकाळी दादरला उतरायचं, नायगावला आत्याकडे पिशवी टाकायची आणि हिंदमाता ते रानडे रोड पालथा घालायचा, एवढाच बेत. साड्या झाल्या, पाय दुखले, गर्दीनं जीव नकोसा झाला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचंय ते एका संध्याकाळबद्दल. दादर पश्चिमेला एका लहानशा सभागृहात फिल्म सोसायटीचा खेळ होता, 'क्रुगोवी' नावाचा २०१३ चा सर्बियन चित्रपट. दिग्दर्शक स्रदान गोलुबोविच. आत्या पोस्टातून निवृत्त झालेली, इंग्रजी सबटायटल्स माझ्यापेक्षा भरभर वाचते. म्हणाली, "चल, घरात बसून तरी काय करायचंय?" पंख्यांचा आवाज होता, खुर्च्या कुरकुरत होत्या, आणि शेवटच्या दहा मिनिटांत काही जण लोकल पकडायला उठून गेले. त्या शेवटच्या दहा मिनिटांसाठी तर सगळा सिनेमा आहे! मला त्यांचा फार राग आला.

गोष्ट बोस्नियाच्या युद्धातली. १९९३. मार्को हा सर्ब सैनिक सुट्टीवर आपल्या गावी आलेला असतो. त्याच्याच बाजूचे तीन सैनिक हारिस नावाच्या मुस्लिम दुकानदाराला भर चौकात मारायला लागतात. मार्को मध्ये पडतो आणि जिवाला मुकतो. दिग्दर्शक ही मारहाण सुरुवातीला अर्धवट सोडतो आणि बारा वर्षं पुढे जातो. मार्कोचा म्हातारा बाप एक चर्च पुन्हा उभारतोय आणि त्याच्याकडे कामाला येतो मारेकऱ्यांपैकीच एकाचा तरुण मुलगा. तिकडे जर्मनीत हारिसच्या दारात मार्कोची प्रेयसी आसरा मागायला उभी राहते, आणि ज्या माणसामुळे आपण जिवंत आहोत त्याचं देणं कसं फेडायचं या विचारात तो जमेल ते करतो. तिसरा नेबोयशा, मार्कोचा मित्र. त्या दिवशी तो चौकातच होता, त्यानं सगळं पाहिलं आणि काही केलं नाही. आता तो बेलग्रेडमध्ये शल्यविशारद आहे, आणि त्याच्या टेबलावर येतो मारेकऱ्यांमधलाच एक.

यामागचा माणूस खराखुरा होता. सर्जान अलेक्सिच, वय २६, स्वतः सर्ब सैनिक, हौशी नट, पोहणारा. २१ जानेवारी १९९३ ला बोस्नियातल्या त्रेबिन्ये गावात आलेन ग्लावोविच या मुस्लिम तरुणाला सर्ब सैनिक मारत असताना तो आडवा गेला. सैनिकांनी मग त्यालाच बंदुकीच्या दस्त्यांनी मारलं. तो शुद्धीवर आला नाही, २७ जानेवारीला गेला. वडिलांनी मृत्यूच्या सूचनेत लिहिलं, की माणूस म्हणून असलेलं कर्तव्य बजावताना तो गेला. ग्लावोविच जगला. सारायेवोत आज सर्जानच्या नावाचा रस्ता आहे.

खेळ संपल्यावर चर्चा झाली. एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "हे बाल्कनमधल्या लोकांचं आहे. आपल्याकडे शेजारधर्म आहे, असं शेजाऱ्यावर उठणं आपल्याकडे होत नाही." काही जणांनी माना डोलावल्या. हा प्रवास मी लिहितेय तो या एका वाक्यामुळे. सभागृहात निम्मे लोक पन्नाशीच्या पुढचे होते. त्रेबिन्येत सर्जान आडवा गेला तो जानेवारी आणि मुंबईचा तो जानेवारी एकच. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या हिंदू-मुस्लिम दंगलींत मिळून या शहरात ९०० माणसं मेली, असं त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल सांगतो. तो अहवाल १९९८ मध्येच विधिमंडळात मांडला गेलाय. दादरमध्ये बसून हे विसरायचं? मी हात वर करणार होते, तेवढ्यात आत्यानं माझा हात धरला. "चल, निघू."

टॅक्सी केली नाही. टिळक पुलावरून चालत निघालो. त्या पुलावर संध्याकाळी सातला चालणं म्हणजे धक्के खात सरकणं. खालून लोकल धडधडत जात होत्या, बाजूनं बस. पुलाच्या मध्यावर आत्या कठड्याला धरून थांबली. मला वाटलं, दम लागला.

"त्या सिनेमातला डॉक्टर आहे ना," ती म्हणाली, "ती मी."

मग तिनं सांगितलं. तेव्हा ती चाळीत राहायची, पहिल्या मजल्यावर. खालच्या गाळ्यात एक शिंपी होते. सगळी चाळ त्यांना चाचा म्हणायची, माझ्या आतेभावाचे शाळेचे गणवेश त्यांनीच शिवलेले. संक्रांतीच्या आधीचे दिवस होते. आत्यानं तिळगुळाचा पाक चढवला होता. खालून आरडाओरडा ऐकू आला. खिडकीतून पाहिलं तर पंधरा-वीस पोरं, काही अनोळखी, काही मागच्याच गल्लीतली. चाचांना बाहेर काढा म्हणत होती. चाचा तळमजल्याच्या सामाईक संडासात कडी लावून बसले होते आणि चाळीत सगळ्यांना ते ठाऊक होतं.

"आणि काका जिन्यावर जाऊन बसले," आत्या म्हणाली. तळमजल्याचे काका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात तेही. नंतर कधी धड काम मिळालं नाही. बायको-मुलीला तेव्हा त्यांनी कोकणात गावी ठेवलं होतं. पट्ट्यापट्ट्याची अर्धी चड्डी घातलेला तो माणूस पायरीवर आडवा पाय टाकून बसला आणि म्हणाला, शिंपी कालच गेला, आणि आत यायचं असेल तर मला तुडवून या. पोरांनी कॉलर धरली, दोन थोबाडीत मारल्या. ते उठले नाहीत. अर्ध्या तासानं पोरं गेली.

"तू काय केलंस?"

"खिडकी लावली. दार लावलं. पाक करपला, तो वास अजून आहे माझ्या नाकात."

तिला धीर यावा म्हणून मी गावसकरांचा विषय काढला. त्याच १९९३ सालात गच्चीवरून जमाव दिसल्यावर ते खाली धावले आणि एका कुटुंबाच्या आड उभे राहिले, हे त्यांच्या मुलानं जाहीरपणे सांगितलंय. आत्या म्हणाली, "मोठंच आहे ते. पण गावसकरला सगळे ओळखत होते गं. काकांना कोण ओळखणार? आणि दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच गल्लीतून दूध आणायचं होतं."

हे मला सिनेमानंही दाखवलं होतं, पण समजलं पुलावर. सर्जान शत्रूच्या समोर उभा राहिला नव्हता. तो आपल्याच वर्दीतल्या, आपल्याच बाजूच्या पोरांसमोर उभा राहिला. काकाही. आपल्या माणसांना नाही म्हणणं यासारखं अवघड काही नसावं.

चाचा महिन्याभरात मुंब्र्याला गेले. तेव्हा कितीतरी कुटुंबं तशी गेली. नंतर काकाही वारले, चाळ पडली, आता तिथं बावीस मजले आहेत आणि जिना होता तिथं पार्किंग. खोदादाद सर्कल ओलांडून आम्ही नायगावला पोचलो, तोवर आत्याचं ठरलं होतं. काकांची मुलगी कळव्याला असते. तिला हे सांगायचं.

मी परतीचं तिकीट रद्द केलं. रविवारी स्लो लोकलनं गेलो. मुलगी आता पंचेचाळिशीची. तिनं पोहे केले, आग्रहानं वाढले. मुंबईत कुणाला वेळ नसतो असं म्हणणाऱ्यांनी त्या घरी एकदा जावं. आत्यानं सांगितलं. तिला काहीच माहीत नव्हतं. वडील म्हणून तिला आठवत होता तो संपानंतर पिणारा, बायकोवर चिडणारा, दिवसभर कट्ट्यावर बसणारा माणूस. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग विचारलं, "त्या दिवशी ते प्यायले होते का?"

"नाही," आत्या म्हणाली. "सकाळ होती. पूर्ण शुद्धीत होते."

तेवढ्यात तिची कॉलेजातली पोरगी क्लासहून आली. आई तिला म्हणाली, इथं बस, आजोबांचं ऐक. आत्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं, आणि या वेळी तिनं सुरुवात केली ती स्वतःच्या लावलेल्या दारापासून.